ह्यांचं घड्याळ

भिंगबाई हे तिचं ऑफिसातलं नाव. ती विमा कंपनीत दावे तपासायची. कुणाचं दुकान जळालं, कुणाची गाडी चोरीला गेली, कुणाचा गोदामातला माल भिजला, की कागद आधी तिच्या टेबलावर यायचे. पर्समधलं छोटं भिंग डोळ्याला लावून ती सह्या, शिक्के, फोटो बघत बसायची. सगळं दुकान बेचिराख झालं म्हणता, मग मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर कोरं करकरीत कसं, असले प्रश्न तिलाच पडायचे.

भिंग मात्र ऑफिससाठी घेतलेलं नव्हतं. ते जुन्या मनगटी घड्याळांसाठी होतं. दर रविवारी सकाळी ती जुन्या वस्तूंच्या बाजारात जायची आणि पत्र्याच्या ट्रेमध्ये ढीग घातलेल्या घड्याळांतून एखादं निवडायची. श्रीमंत संग्राहक ज्यांच्याकडे ढुंकून बघत नाहीत अशी ही घड्याळं. कधीकाळी कुणा कारकुनाने, कंडक्टरने, शाळामास्तराने हौसेने घेतलेली, रोज चावी देऊन वापरलेली. या छंदाने तिच्या संशयी स्वभावाला खतपाणीच मिळालं. कारण बाजारातल्या निम्म्या घड्याळांची डायल एकाची, काटे दुसऱ्याचे आणि मशीन तिसऱ्याचं असायचं. त्यात विकणारा प्रत्येक जण सांगायचा, "आजोबांचं आहे, ताई. कपाटात पडून होतं." इतके आजोबा आणि इतकी कपाटं कुठून यायची देव जाणे.

तिची आणि बेकरीवाल्याची ओळखही घड्याळावरूनच झाली. पाव घ्यायला गेली तेव्हा पिठाच्या पोत्यांच्या वर, खिळ्याला, एक स्टीलचं घड्याळ लटकत होतं. निळसर डायल, आत तारीख आणि वार. कणीक मळताना तो ते काढून ठेवायचा.

"विकायचंय का?" तिने विचारलं.

"वडिलांचं आहे," तो म्हणाला. "त्यांची तेवढीच एक वस्तू आहे माझ्याकडे."

ती मनात म्हणाली, आजोबांच्या जागी वडील आले, एवढाच फरक. पण हा माणूस विकायला तयार नव्हता, म्हणजे खोटं बोलण्यात त्याचा काही फायदाही नव्हता. पुढे पाव घ्यायचं निमित्त आठवड्यातून दोनदा व्हायला लागलं, मग रोज. वर्षभरात लग्न ठरलं. ऑफिसातले लोक म्हणाले, बेकरीवाल्याची छाननी पूर्ण झाली वाटतं.

लग्न ठरल्यावर एकदा दुपारी ती बेकरीत बसली होती. भट्टीतून ट्रे बाहेर येत होते आणि तो घड्याळ कानाशी धरून हलवत होता.

"मधेच थांबतंय हल्ली."

"पीठ गेलं असेल. दे, साफ करून देते."

"नको नको, उघडायचं नाही ते. आई रागावेल."

"का?"

"वडिलांनी जसं ठेवलं तसंच राहू दे म्हणते. लहानपणापासून बजावलंय तिनं. कुणाच्या हातात द्यायचं नाही, घड्याळजीकडेही टाकायचं नाही." मग तो हसला. "पट्टा मात्र पार तुटायला आलाय. तेवढा बदलून आण. पण उघडू नकोस हं, शप्पथ."

ती हो म्हणाली.

घरी येऊन तिने पट्टा काढला. घड्याळ पालथं केलं आणि सवयीने भिंग लावलं. झाकणाच्या कडेला खरचटल्याच्या बारीक खुणा होत्या. हे झाकण कुणीतरी, एकदा तरी, चुकीच्या अवजाराने उघडलं होतं. वडिलांनी ठेवलं तसंच आहे म्हणे! आणि कधीच न उघडायचं घड्याळ ही काय भानगड? मौल्यवान वस्तू माणूस उलट जपून साफ करून घेतो. उघडू नका असं सांगणारा दावेदार तिने ऑफिसात रोज पाहिला होता.

शप्पथ तिला आठवत होती. तरी तिने झाकण फिरवलं.

मशीन स्वच्छ होतं, एका बाजूला पांढरी पूड अडकलेली. झाकणाच्या आतल्या बाजूला आकडे कोरलेले होते. त्या कंपनीच्या घड्याळांत पहिल्या आकड्यांवरून वर्ष कळतं, हे छंद असलेल्या कुणालाही ठाऊक असतं. तिने ते वाचले, भिंग पुसून परत वाचले. बेकरीवाला चार वर्षांचा असताना त्याचे वडील आजारपणात गेले होते, हे त्यानेच तिला सांगितलं होतं. घड्याळ त्यानंतर दोन वर्षांनी बनलेलं होतं.

माणूस गेल्यावर दोन वर्षांनी तयार झालेलं घड्याळ त्या माणसाने हातात घातलं कसं?

तिने पीठ ब्रशने झाडलं, झाकण लावलं, नवा पट्टा चढवला. पण मनात जे उघडलं होतं ते बंद होईना. पहिला संशय त्याच्यावरच गेला. खिळ्याला घड्याळ लटकवून वडिलांची गोष्ट सांगायची आणि गिऱ्हाईक बायकांची सहानुभूती मिळवायची, असंही असू शकतं. दुसऱ्या दिवशी घड्याळ परत देताना तिने सहज विचारावं तसं विचारलं, "वडील नेमके कधी गेले रे?"

"सांगितलं की तुला. मी चार वर्षांचा होतो."

"चार की सहा?"

"चार. शाळेतही जात नव्हतो."

"आणि हे घड्याळ त्यांनी कुठून घेतलं होतं?"

"ते मला कसं माहीत असणार? तू माझी साक्ष घेतेयस का?" तो हसत म्हणाला, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. "एक विचारू? उघडलं नाहीस ना?"

"नाही," ती म्हणाली. तोंडातून गेलं आणि तिचं तिलाच नवल वाटलं. ज्या दाव्यात पहिलंच वाक्य खोटं असतं त्यावर ती स्वतः लाल रेघ मारायची.

त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, एवढं तिला कळत होतं. म्हणजे खोटं बोलणारी व्यक्ती दुसरीच होती. मग संशय मोकाट सुटला तो कुठल्या कुठे गेला. वडील चौथ्या वर्षी गेलेच नसतील तर? घर सोडून गेले असतील, दोन वर्षांनी येऊन घड्याळ ठेवून गेले असतील, अजूनही कुठेतरी जिवंत असतील? की हे घड्याळ भलत्याच कुणाचं, ज्याचं नाव घरात घ्यायचं नाही? बाईने मुलाला काय काय सांगून ठेवलंय? आणि अशा घरात आपण लग्न करून जाणार?

एकाच्या मतावर तिचं कधी भागत नसे. घड्याळवेड्या मंडळींचा फोनवर एक गट होता. तिने आकड्यांचा आणि मशीनचा फोटो त्यावर टाकला आणि वर्ष कोणतं ते विचारलं. इंजिनकाका म्हणून एक निवृत्त इंजिन ड्रायव्हर होते, त्यांचं उत्तर लगेच आलं. तिने काढलेलं वर्षच बरोबर होतं. खाली त्यांनी विचारलं, "कुणाचं आहे?" तिने लिहिलं, "होणाऱ्या नवऱ्याच्या वडिलांचं, असं म्हणतात. पण ते त्याच्या दोन वर्षं आधीच वारलेत." हे शेवटचं तिने नसतं लिहिलं तर बरं झालं असतं.

बेकरीवाल्याच्या आईचं, काकूंचं, कपडे दुरुस्त करायचं दुकान होतं. पॅन्टची उंची कमी कर, कोटाचं अस्तर बदल, जिपर लाव, अशी कामं. दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे कापायचं टेबल, मागे दोन मशीनं, मध्ये पडदा. पडद्यामागच्या भिंतीवर वडिलांचा फोटो होता. छापखान्यातल्या मित्रांबरोबर बाकावर बसलेले, बाह्या दुमडलेल्या, डाव्या मनगटावर घड्याळ. तो फोटो तिने आधी पाहिला होता, पण लांबून.

शनिवारी दुपारी ती ब्लाऊज घेऊन गेली. काकू पुढे एका गिऱ्हाइकाच्या पॅन्टला टाचण्या लावत होत्या. त्यांच्या तोंडात टाचण्या असल्या की त्या बोलत नसत, नुसतं मानेने सांगत. त्यांनी मानेने आत जायला सांगितलं. ती आत गेली, पडदा ओढला आणि स्टुलावर चढली.

भिंगातून मनगट मोठं झालं. फोटो जुना होता, तरी स्पष्ट होता. गोल डायल, तसाच निळसर रंग असावा. पण वार नव्हता. फक्त तारखेची एक बारीक खिडकी होती. चावीही जरा वेगळ्या जागी.

"काय सापडलं?"

ती स्टुलावरून पडता पडता वाचली. काकू पडद्यापाशी उभ्या होत्या. तोंडातल्या टाचण्या त्यांनी काढून मनगटावरच्या उशीला लावल्या होत्या.

"काही नाही, काकू. फोटोवर धूळ होती."

"धूळ पुसायला भिंग लागतं का गं?"

गिऱ्हाईक निघून गेलं होतं. काकूंनी पुढचं दार ओढून घेतलं, काचेवरची पाटी उलटी केली आणि मशीनसमोरच्या खुर्चीत बसल्या.

"उतर खाली. उघडलंस ना घड्याळ?"

"हो."

"मला वाटलंच होतं. तुझा छंद त्यानं पहिल्यांदा सांगितला तेव्हाच धास्ती घेतली होती मी. इतकी वर्षं मी त्या घड्याळाला घड्याळजीची पायरी चढू दिली नाही, आणि पोराने घड्याळजीच आणली घरात."

"काकू, ते घड्याळ त्यांचं नाही. ते गेल्यावर बनलेलं आहे."

"मला सांगतेस?" काकू म्हणाल्या. मग आवाज खाली आला. "ह्यांचं घड्याळ मी टेबलाच्या खणात ठेवलं होतं. हा सात वर्षांचा असताना एक दिवस गुपचूप खिशात घालून गेला. मित्रांना दाखवायला. कालव्याच्या पुलावर कठड्यावर चढून मनगटाला बांधत होता, आणि पडलं पाण्यात. मला काही बोलला नाही. रात्री अंगात ताप भरला. तापात बरळायला लागला, बाबांना पाण्यात टाकलं, बाबांना पाण्यात टाकलं. घड्याळ नाही म्हणायचा. बाबांना म्हणायचा."

भिंगबाई स्टुलावरच खाली बसली.

"पाणी घेईना, अन्न घेईना. डॉक्टर म्हणाले, मनाला लावून घेतलंय. मग मी गेले आणि तसंच दिसणारं एक शोधून आणलं. खणात ठेवलं. त्याला उचलून खणापाशी नेलं आणि म्हटलं, हे बघ, इथंच आहे की. कुठे पडलं? तापात स्वप्न पडलं तुला. त्यानं हात लावून बघितलं. मग दूध प्यायला." काकूंनी मशीनच्या चाकावर हात ठेवला. "सात वर्षांच्या पोराला दुसरं काय सांगणार होते मी?"

बाहेर कुणीतरी दार हलवून बघितलं आणि निघून गेलं.

"त्याला सांगू नकोस," काकू म्हणाल्या. "तुझ्या पाया पडते असं म्हणणार नाही, तुझी होणारी सासू आहे मी. पण सांगू नकोस."

"नाही सांगणार."

त्या संध्याकाळी तिला स्वतःची लाज वाटली. जिवंत बाप, भलताच पुरुष, काय काय रचलं होतं तिने. गटावरचा फोटो काढून टाकायचं तिच्या डोक्यात आलं आणि तिने तो काढलाही. पण ज्यांनी बघायचा होता त्यांनी बघून झाला होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. बेकरीवाला हौसेने तिच्याबरोबर बाजारात आला. नवा पट्टा लावलेलं घड्याळ त्याच्या हातात होतं. इंजिनकाका चहाच्या टपरीपाशी भेटले. माणूस दिलदार, पण त्यांच्या बोलण्याला ब्रेक नव्हता. त्यांनी बेकरीवाल्याचा हात हातात घेतला तो सोडलाच नाही.

"अरे वा, हेच का ते? वडील वारल्यावर तयार झालेलं?" आणि मोठ्याने हसले. "या बाईच्या हाती लागलं म्हणजे काही सुटत नाही बघा! आतला आकडासुद्धा वाचून काढला."

बेकरीवाल्याने हात सोडवून घेतला. तो आधी काकांकडे बघत राहिला, मग तिच्याकडे.

"उघडलंस तू."

"ऐक ना..."

"मी विचारलं होतं. नाही म्हणालीस."

टपरीवाला चहाचे कप पुढे करून उभा होता. कुणी घेतले नाहीत. काकांना काय झालं ते कळेना, ते बिचारे एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिले.

"वडील वारल्यावर म्हणजे काय?" त्याने विचारलं.

"आईंना विचार," ती म्हणाली. काकूंना आई म्हणायची तिची ती पहिलीच वेळ, आणि तीही अशी.

तो तसाच आईच्या दुकानात गेला. रविवारी दुकान बंद असायचं, पण काकू आत उरलेली कामं उरकत बसायच्या. ती मागोमाग गेली आणि दारातच थांबली. त्याने घड्याळ काढून कापायच्या टेबलावर ठेवलं.

"हे बाबांचं आहे का?"

काकूंनी तिच्याकडे एक नजर टाकली. त्या नजरेने तिला वाटलं जमीन दुभंगली तर बरं. मग त्यांनी त्याला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही सजवलंही नाही. तो उभ्यानेच ऐकत होता.

"म्हणजे मी खरंच पाडलं होतं," तो शेवटी म्हणाला.

"लहान होतास तू."

"ते नाही म्हणत मी. मला सगळं आठवायचं, आई. पाण्याचा आवाजसुद्धा. कठड्याचा गंज हाताला लागला होता, तोही. आणि तू म्हणायचीस, स्वप्न. मला कायम वाटत आलं, माझ्या आठवणींवर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. भट्टी बंद केली का, दाराला कुलूप लावलं का, तीन तीनदा जाऊन बघतो मी. हसता तुम्ही सगळे."

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांनी ते पुसलं नाही.

"तू दूध पीत नव्हतास रे," एवढंच त्या म्हणाल्या.

"मला नको हे," तो म्हणाला आणि घड्याळ त्याने त्यांच्याकडे सरकवलं.

भिंगबाईला वाटलं, आता काकू कोसळणार. पण त्या उठल्या, नाक ओढलं, घड्याळ उचललं. "नको ना? मग राहू दे माझ्याकडे. मीच आणलंय ते. बाजार पालथा घालून आणलंय." त्यांनी ते आपल्या मनगटाला बांधलं. पट्टा फार सैल होता. मग त्यांनी दाभण घेतलं, तिने आणलेल्या नव्याकोऱ्या पट्ट्याला टोचून आणखी एक भोक पाडलं आणि पट्टा घट्ट केला. पुरुषी घड्याळ त्यांच्या बारीक मनगटावर एखाद्या झाकणासारखं दिसत होतं.

बेकरीवाला तिच्याशी कितीतरी दिवस बोलला नाही. पाव द्यायचा, सुट्टे द्यायचा, बास. लग्न मोडलं असं तो म्हणाला नाही आणि ठरलंय असंही नाही. शेवटी एकदा तीच काउंटरपाशी थांबून म्हणाली, "मी खोटं बोलले. उघडलं ते एक वेळ माझ्या सवयीने. पण नाही म्हणाले ते घाबरून. तू मला सोडशील म्हणून."

"घड्याळासाठी सोडलं असतं?"

"मला काय माहीत! मला कुणाचाच भरवसा वाटत नाही, हे तुला आत्ता कळलं का?"

तो ट्रे पुसत राहिला. "आधीच कळलं होतं," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी पाव उलटा करून बघितला होतास." आणि मग दोघांनाही हसू आलं, जरा कसनुसंच.

काकू ते घड्याळ रोज घालू लागल्या. गिऱ्हाइकं विचारत, हे काय नवीन? त्या सांगत, नवीन कसलं, माझं जुनंच आहे. मुलगा दुकानात यायचा, घड्याळाकडे बघायचा नाही, जेवणाचा डबा घेऊन जायचा.

मग एका सुट्टीच्या दुपारी तिघं दुकानात बसले होते. काकू मुलाच्या लग्नातल्या कोटाचं अस्तर टाचत होत्या. तो बराच वेळ दोऱ्याची रिळं एकावर एक रचत होता.

"आई," तो एकदम म्हणाला, "तू ते शोधलंस कुठे?"

"काय?"

"हे. घड्याळ."

काकूंचा हात थांबला. मग त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "कुठे कुठे म्हणून सांगू? तुला शेजारणीपाशी ठेवलं आणि भिंतीवरचा हा फोटो काढून, फ्रेमसकट, पिशवीत घालून निघाले. दुकानात शिरायचं, फोटो काउंटरवर ठेवायचा आणि ह्यांच्या मनगटावर बोट ठेवायचं, असलं द्या. एका दुकानदाराला वाटलं, नवरा पळून गेलाय आणि मी त्याला शोधतेय. म्हणाला, बाई, पोलिसांत जा!"

बेकरीवाला हसला.

"पुढच्यानं मला बसवलं, पाणी दिलं. त्याच्याकडे घड्याळं होती ढीगभर, पण एकही तसं नाही. मग म्हणाला, गाडीतळाच्या मागे एक म्हातारा बसतो, त्याच्याकडे बघा. तिथे गेले तर म्हातारा झोपलेला. मी फ्रेमनेच टेबल वाजवलं."

"मग?"

"मग काय, दचकून उठला आणि म्हणाला, फौजदारसाहेबांचा फोटो माझ्या दुकानात का आणलात, मी काही केलेलं नाही!"

भिंगबाई ऐकत होती. एक गोष्ट तिच्या ध्यानात आली होती. त्या शनिवारी काकूंनी सांगितलं होतं त्यात शेजारीण नव्हती, डॉक्टर होते. शिवाय फोटोत तर वाराची खिडकी नव्हती, मग इतकं बारीक बघणाऱ्या बाईने वार असलेलं घड्याळ घेतलं कसं? प्रश्न जिभेवर आला. तिने कोटाची बाही हातात घेतली, सुटलेला दोरा दातांनी तोडला आणि गप्प बसली.

"मग?" बेकरीवाला पुन्हा म्हणाला. तो रिळं सोडून आईच्या टेबलापाशी सरकून बसला होता.

"सांगते की, जरा दम धर," काकू म्हणाल्या आणि घड्याळ असलेला हात त्यांनी त्याच्या खांद्यावर टाकला. "म्हाताऱ्याने आधी मलाच प्रश्न विचारायला सुरुवात केली..."